पेडणे-डिचोलीतील वयोवृद्ध संगणक

गोवा म्हटले की परमुलखातील मराठी घरांत बहुधा दोनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक समुद्राचे आणि दुसरे कुलदैवताचे. समुद्रासाठी येणारा पाहुणा किनाऱ्याकडे वळतो आणि मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांच्या दर्शनाला येणारा फोंड्याची वाट धरतो. पेडणे आणि डिचोली हे उत्तरेकडचे दोन तालुके या दोन्ही वाटांवरून थोडे बाजूलाच राहतात. पेडण्यालाही मोरजी-हरमलचे किनारे आहेत आणि तेथे देशोदेशींचे प्रवासी येतात. पण त्या किनाऱ्यांमागे माडांच्या आणि काजूच्या सावलीत जो गावगाडा चालतो, तो सहसा कोणी पाहत नाही.

आमची नोकरी याच दोन तालुक्यांतील सरकारी शाळांत गेली. हा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे तिसवाडी-बारदेश-सासष्टीनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. म्हणूनच यास ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. त्यामुळे येथील देवळे जागच्या जागी राहिली आणि देवळांबरोबर कीर्तन, भजन, उत्सवी नाटक आणि देवस्थानचा मराठी हिशेबही राहिला. घरात कोकणी बोलावी आणि कागदावर मराठी लिहावी, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्या गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत. आणि भाऊसाहेब मूळचे पेडण्याचेच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. एवढी पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, पुढे जी हकीकत सांगावयाची आहे ती वरवर यंत्रांची असली, तरी मुळात ती मराठी लेखनाचीच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज-१०’ या संगणक-प्रणालीचा नेहमीचा पाठपुरावा तिच्या निर्मात्यांनी थांबविला. पुढच्या प्रणालीस टीपीएम नावाची एक विशिष्ट सुरक्षा-चिप लागते. ती ज्यांत नाही, असे कालपर्यंत निमूटपणे चालणारे असंख्य संगणक एका तारखेत ‘जुने’ ठरले. आमच्या शाळेतही असे काही आहेत. ते मोडीत काढावेत की ठेवावेत, हा प्रश्न आमच्या टेबलावर आला. तेव्हा आम्ही ठरविले की दिवाळीच्या सुटीत पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जावे आणि याहूनही जुनी यंत्रे कोण, कशासाठी व कशी वापरतो, ते एकदा नीट पाहावे. सोबतीस आमच्याच शाळेतील एक तरुण शिक्षक होते. यंत्रांतले त्यांना कळते आणि माणसे आम्हांला ठाऊक, अशी आमची वाटणी.

पत्रादेवीच्या नाक्यावरून महाराष्ट्रातून गोव्यात शिरले की प्रथम पेडणे लागते. याच पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेथील स्मारकापाशी क्षणभर थांबल्यावाचून आम्ही पुढे जात नाही. तेथून जवळच मोपाच्या पठारावर आज मोठा विमानतळ उभा आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. पेडण्याच्या बाजारात उभे राहिले की डोक्यावरून विमान जाते आणि खाली, भगवतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका दहा फुटी खोलीत वीस-बावीस वर्षांपूर्वीचा संगणक लग्नपत्रिका जुळवीत असतो.

खोलीचे मालक साठीच्या घरातले. दुकानात दोन यंत्रे आहेत. एक नवे, पातळ पडद्याचे. त्यावर त्यांचा मुलगा बसतो. दुसरे मोठ्या काचेच्या पडद्याचे, त्यावर ‘विंडोज एक्सपी’ आणि पानांची मांडणी करणारा ‘पेजमेकर’. एक्सपीचा पाठपुरावा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तरीही दसऱ्यानंतर येणाऱ्या पुनवेच्या उत्सवाची पत्रके, नाटकांच्या जाहिराती, सत्यनारायणाची आमंत्रणे, बाराव्या-तेराव्याची कार्डे असे सारे काम या म्हाताऱ्या यंत्रावरच होते.

“नवे यंत्र असताना हे का?” आम्ही विचारले.

“सर, पैशांचा प्रश्न नाही,” ते म्हणाले. “इकडे या, दाखवतो.” त्यांनी यंत्र भिंतीपासून पुढे ओढले. मागच्या बाजूस, जेथे पूर्वी प्रिंटरची रुंद वायर लावीत असत, त्या पंचवीस छिद्रांच्या तोंडात काडेपेटीएवढे एक ठोकळेवजा यंत्र खोचलेले होते. “हे मराठी सॉफ्टवेअरचे कुलूप. हे लावलेले असेल तरच मराठी अक्षर उमटते. नव्या यंत्राला हे लावायला जागाच नाही. मग माझ्या वीस वर्षांच्या पत्रिका कुठे उघडू?”

डोंगल या नावाने ओळखले जाणारे हे कुलूप त्या काळी अनेक महागड्या सॉफ्टवेअरांबरोबर मिळे, म्हणजे एका प्रतीवर दहा ठिकाणी काम होऊ नये. पुढे संगणकांतून ते रुंद तोंडच नाहीसे झाले. कुलूप शाबूत, किल्ली शाबूत, पण ज्या दाराला ते लावायचे ते दारच राहिले नाही, अशी ही गत आहे.

दुसरे कारण त्यांच्या बोटांत होते. तरुणपणी ते मराठी टंकलेखनाच्या क्लासला गेले होते. गोदरेजच्या यंत्रावर शिकलेला कळफलक त्यांच्या हाती पक्का बसला आहे. त्या जुन्या सॉफ्टवेअरात तोच कळफलक मिळतो. आमच्या देखत त्यांनी एक निमंत्रणपत्रिका जुळविली. कुलस्वामिनीचे नाव, वधूवरांची नावे, मुहूर्त, स्थळ आणि ‘आपले विनीत’ ही सारी मजकुराची ओळ कळफलकाकडे न पाहता आठ-नऊ मिनिटांत त्यांनी उतरविली. त्यांचा मुलगा नव्या यंत्रावर तेच करावयास बसला, तर तो एकेक जोडाक्षर शोधीत राहतो. जुने साधन टिकते ते केवळ कंजूषपणामुळे नव्हे. ज्याच्या हातात कसब आहे, त्याला ते साधन सोडवत नाही.

या यंत्राला त्यांनी इंटरनेट मात्र कटाक्षाने जोडलेले नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या सुरक्षेची डागडुजी कोणी करीत नाही, ते यंत्र जाळ्यात सोडणे म्हणजे दार उघडे टाकून जत्रेला जाणे होय. तसे पाहता आजची बँकेची किंवा सरकारी खात्याची पाने त्यावर धड उघडणारही नाहीत. ई-मेल, भरणा, छपाईसाठीची पीडीएफ पाठविणे ही कामे नव्या यंत्रावर आणि जुळणी जुन्यावर; दोहोंमध्ये ये-जा करतो तो पेन ड्राइव्ह. सासू-सुनेने स्वयंपाकघर वाटून घ्यावे तशी ही व्यवस्था बिनबोभाट चालली आहे.

येथून आम्ही धारगळमार्गे कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली, म्हापशास चहा घेतला आणि अस्नोड्यावरून डिचोलीचा रस्ता धरला. किनाऱ्याची हवा मागे पडते, माती तांबडी होत जाते आणि डोंगर जवळ येऊ लागतात. ही तांबडी माती म्हणजेच लोहखनिजाची खूण. डिचोली तालुक्याचे अर्धे आयुष्य खाणींभोवती फिरले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे काही काळ चालल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या काळात ट्रकवाल्यांची, गॅरेजवाल्यांची व त्यांच्या मुलांच्या फीची काय अवस्था झाली, हे शाळेच्या हजेरीपटावरून आम्ही पाहिले आहे.

डिचोलीजवळच्या एका वजनकाट्यावर आमच्या सोबतच्या शिक्षकांच्या ओळखीने आम्ही आत गेलो. तेथला संगणक डॉसवर चालणारा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, माउस नाही. चालक ट्रकचा क्रमांक लिहितो, काट्याकडून वजन आपोआप येते, एक कळ दाबली की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावती काढतो. एका फटक्यात तीन प्रती: एक ट्रकवाल्याला, एक मालकाला, एक दप्तराला. हा प्रिंटर शाई फवारीत नाही, तो सुईने फितीवर ठोसा मारतो. म्हणून कार्बन कागदाखालच्या प्रतींवरही अक्षर उमटते. आजचा लेझर प्रिंटर कितीही सुबक असला, तरी हे एक काम त्याला साधत नाही. मोठ्या कार्यालयांतूनही हे ठोकणारे प्रिंटर अजून दिसतात, त्याचे कारण हेच.

अशा यंत्राच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की यंत्र बंद असताना घड्याळ चालत नाही. सकाळी चालू करावे तर डॉसचे यंत्र १ जानेवारी १९८० ही तारीख दाखविते. काट्यावरचा चालक रोज सकाळी देवाला उदबत्ती लावून झाली की प्रथम तारीख टंकतो. पाच-पंचवीस रुपयांचा सेल बदलला की ही कटकट मिटते. जुन्या यंत्राची निगा म्हणजे बहुतेक वेळा अशीच असते: सेल, पंख्यातली धूळ, सुट्या झालेल्या जोडण्या. गोव्याचा पाऊस मात्र वेगळा शत्रू आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणात पुस्तकांना बुरशी येते तशी फ्लॉपीच्या आतल्या चकतीलाही येते. जाणती माणसे पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवतात, म्हणजे त्याच्याच उबेने ओल सुकते.

इतके पाहून आम्ही समाधानाने परतलो असतो, तर जुनी यंत्रे कामाची असतात एवढाच निष्कर्ष घेऊन आलो असतो. पण खरी गोष्ट पुढे होती.

डिचोली तालुक्यात मयेचे तळे, हरवळेचा धबधबा आणि नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहायला प्रवासी येतात. या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी करविला. याच परिसरातील एका खेड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. ते आम्हांहून पंधरा वर्षांनी वडील. आम्ही त्यांना ‘गुरुजी’ म्हणतो आणि ते आम्हांला ‘हेडमास्तर’. निवृत्तीच्या थोडे आधी त्यांनी एक संगणक घेतला आणि त्यावर आपल्या गावाचा वृत्तान्त लिहिण्यास आरंभ केला. गावातील प्रत्येक विहिरीचे व तळीचे नाव. सरदीची शेते कोणती आणि वायंगणाची कोणती. मोरडीवर काय पिकते, खाजनाचा बांध कोणत्या साली फुटला. देवळातील मानकऱ्यांचा क्रम. बायकांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या. खाणीखाली गेलेल्या वाटा. अशी तीनशेहून अधिक पाने. ज्या म्हाताऱ्यांनी त्यांना हे सांगितले, त्यांपैकी आज कोणी हयात नाही.

संगणक ‘विंडोज-९८’ चा आहे. तो चालतो, आणि त्यावर पाने उघडतात. पण गेल्या मे महिन्यात नातू बंगळुरूहून आला, त्याने ती सारी पाने आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि उघडून विचारले, “आजोबा, हे इंग्रजीत काय लिहिले आहे?” पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चिन्हे यांची नुसती खिचडी होती. मराठीचे एक अक्षर नव्हते.

असे का होते, ते समजावून घेण्याजोगे आहे. कारण परमुलखातील कित्येक मराठी घरांत आणि मंडळांत हीच अडचण कपाटात झाकलेली असेल.

संगणक अक्षर साठवीत नाही, तर क्रमांक साठवितो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १९६० च्या दशकातच ठरले आणि सर्वांनी पाळले. देवनागरीसाठीही प्रयत्न लवकर झाले. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभलेले काम पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. तेथील ‘जिस्ट कार्ड’ यंत्रात बसविले की डॉसच्या पडद्यावर मराठी अक्षरे दिसू लागत. भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली मानक म्हणून जाहीर झाले. पण छपाईच्या दुकानांना हवी होती सुंदर, वळणदार अक्षरे, आणि पानांची मांडणी करणाऱ्या त्या काळच्या सॉफ्टवेअरांना रोमन लिपीच्या अडीचशे घरांपलीकडे काही ठाऊक नव्हते. तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या मराठी सॉफ्टवेअरांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचा तुकडा बसविला: एका घरात अर्धा ‘क’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. या युक्तीने मराठी छपाईचे मोठे काम झाले. लक्षावधी पत्रिका, अंक आणि पुस्तके त्यांवर निघाली, याबद्दल कृतज्ञच असावे. मात्र प्रत्येकाने घरे आपापल्या क्रमाने वाटली. म्हणून तो विशिष्ट फॉन्ट नसेल तेथे मुखवटा गळून पडतो आणि आतले इंग्रजी क्रमांक उघडे पडतात.

गोव्याच्या माणसाला यात एक जुनी आठवण दिसते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. मराठीने परक्या लिपीचे वस्त्र पांघरण्याची ही काही पहिली वेळ नव्हे, आणि अशा ग्रंथांना वाचविते ते यंत्र नव्हे, नकला करणारे हात, हेही त्यातून कळते.

दुसरी आठवण मोडीची. आमच्या भागातील देवस्थानांच्या आणि जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीचे कागद आहेत. कागद शाबूत, शाई ठळक. पण शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे डोळे संपले. आता गंमत अशी की सर्व जगाच्या लिप्यांना एकेक कायमचा क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या व्यवस्थेत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले आणि २०१४ साली मोडीलाही मिळाले. म्हणजे आपल्या आजोबांच्या लिपीला जगाच्या कोठारात जागा आहे. पण १९९० ते २०१० या काळात आपणच आपल्या हाताने टंकलेले मराठी त्या कोठाराबाहेर पडून आहे. पेशव्यांच्या काळातील पत्र वाचता येईल आणि आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका वाचता येणार नाही, अशी वेळ येऊ घातली आहे.

परदेशांतही जुन्या साधनांना चिकटून राहिलेले लेखक आहेत. कॅनडाचे विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर आजही वर्डस्टार हे डॉसच्या काळातील सॉफ्टवेअर वापरतात आणि २०२४ साली त्यांनी त्याचा सगळा संच पुस्तिकांसह सर्वांना खुला करून दिला. अमेरिकेचे जॉर्ज मार्टिन यांनीही आपण कादंबऱ्या वर्डस्टारवर, इंटरनेट नसलेल्या यंत्रावर लिहितो असे सांगितले आहे. जपानसारख्या पुढारलेल्या देशाच्या शासनाला आपल्या नियमांतून फ्लॉपीची अट पुरती काढून टाकण्यास २०२४ साल उजाडले. मात्र त्यांच्यात आणि आमच्या गुरुजींत एक भेद आहे. सॉयर यांचे यंत्र उद्या बंद पडले, तरी त्यांची इंग्रजी वाक्ये कोणत्याही यंत्रावर थोड्या साफसफाईने वाचता येतील. गुरुजींचे यंत्र बंद पडले, तर गाव जाईल.

म्हणून त्या दिवशी गुरुजींच्या पडवीत बसून आम्ही जे ठरविले आणि नंतर शाळेत जे सुरू केले, ते येथे सांगतो.

प्रथम, गुरुजींच्या यंत्रास हात लावावयाचा नाही. ते चालते तोवर तेथेच त्याच टेबलावर राहील. दुसरे, सर्व पानांची छापील प्रत काढून घेतली; कारण कागदाला कुलूप नसते. तिसरे, फॉन्टची फाइल आणि लेखनाच्या फाइली यांच्या नकला काढून तीन ठिकाणी ठेवल्या. काही भाग केवळ फ्लॉप्यांवर होता. फ्लॉपीचे उत्पादन प्रमुख कंपन्यांनी सोडून दिले आहे. सोनीने तिची विक्री २०११ साली थांबविली. पण नव्या यंत्राला लावता येणारा फ्लॉपीवाचक अजून मिळतो. गुरुजींच्या एकेचाळीस फ्लॉप्यांपैकी सात वाचता आल्या नाहीत. सुदैवाने त्यांतील बराच मजकूर यंत्राच्या पोटात होता.

चौथे काम रूपांतराचे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आता सहज मिळतात. तीनशे पानांचे रूपांतर काही मिनिटांत झाले. पण यंत्राने बदललेले मराठी डोळे झाकून स्वीकारता येत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराआधी टंकली जाई, रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. त्या अदलाबदलीत अक्षरे घसरतात. आणि मराठीचा खास ‘ऱ’ तर हमखास हरवतो. गुरुजींनी लिहिले होते, ‘गावाच्या पूर्वेस खोल दऱ्या आहेत.’ रूपांतरात झाले, ‘खोल दर्या आहेत.’ डोंगराळ गावाच्या उशाशी समुद्र आला!

असे दोष काढायला माणसेच हवीत. आम्ही नववीच्या मुलांचे गट केले. आठवड्यातून दोन तास एकाने छापील पान वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावे. हे काम चालते ते त्याच संगणकांवर, जे मोडीत काढावेत की नाही हा प्रश्न आमच्या टेबलावर आला होता. त्यांवर आम्ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आणि लिब्रेऑफिस बसविले. लिब्रेऑफिस जुन्या वर्डच्या फाइली उघडते, आणि पेजमेकरच्याही बऱ्याच अंशी. यात आम्ही नवे काही केले असे नाही. केरळच्या सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीवर संगणक-शिक्षण वर्षानुवर्षे चालू आहे, आणि गोव्यातील काही शाळांतही शतकाच्या आरंभी, परदेशस्थ गोमंतकीयांच्या प्रयत्नाने आलेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्सच चालविली गेली होती. शासनाला पाठवावयाची माहिती, निकाल, पोषण आहाराचे तक्ते ही ऑनलाइन कामे मात्र आम्ही एका नव्या यंत्रावरच ठेवली आहेत.

आतापर्यंत साठ पाने शुद्ध झाली आहेत. या निमित्ताने एक मुलगा विचारतो, “सर, वायंगण म्हणजे काय?” दुसरीच्या घरी अजून वायंगणाचे शेत आहे, ती उठून सांगते. एका मुलीस पानावर आपल्या पणजीचे नाव ओवी सांगणारी म्हणून सापडले; दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली आणि त्या ओवीचा राहिलेला अर्धा भाग सांगून गेली. तो गुरुजींच्या लिखाणात नव्हता. मुलांनी तो जोडला आणि तो थेट युनिकोडमध्ये टंकला आहे.

पेडण्याच्या पत्रिकावाल्यांनाही आम्ही हे कळविले. त्यांनी जुळणी जुन्या यंत्रावरच ठेवली आहे, ती त्यांनी जरूर ठेवावी. पण देवस्थानचे अहवाल, नाटक मंडळ्यांची स्मरणपत्रके असा जो मजकूर पुढे लागणारा आहे, त्याचे रूपांतर त्यांचा मुलगा फावल्या वेळी करू लागला आहे. वडील वाचून दुरुस्त्या सांगतात, मुलगा करतो. जोडाक्षरे शोधीत बसणाऱ्या त्या मुलाचे मराठीही यात सुधारत असल्याचे वडिलांनी मोठ्या खुषीने सांगितले.

वाचकहो, आपणांपैकी कोणी बडोद्यास, कोणी इंदूरला, कोणी हैदराबादेत, कोणी तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिले. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकते ती घरातील लिखाणावर: कुळाचा वृत्तान्त, गणेशोत्सवाची स्मरणिका, आजीने सांगितलेल्या पाककृती, मंडळाच्या सभांचे इतिवृत्त. त्यांतील पुष्कळसे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कोणा हौशी काकांनी किंवा मावशींनी संगणकावर उतरविले असेल. एखाद्या रविवारी ते जुने यंत्र झाकणाखालून काढावे. ते चालत असेल तर भंगारवाल्यास देण्याची घाई करू नये. प्रथम छापील प्रत काढावी. मग फाइली आणि फॉन्ट दोन्ही उतरवून घ्यावेत. केवळ पीडीएफवर समाधान मानू नये, कारण तीत पानाचे रूप टिकते, पण मजकूर शोधता वा सुधारता येईलच असे नाही. शेवटी युनिकोडमध्ये रूपांतर करून घरातील मुलांना ते मोठ्याने वाचावयास लावावे. जेथे मूल अडखळेल तेथे एक तर यंत्राची चूक सापडेल, नाही तर मुलाला ठाऊक नसलेला आपला एखादा शब्द. दोन्ही दुरुस्त करता येतात. ज्यांनी ते लिहिले ते काका किंवा मावशी सोबत बसावयास आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.